प्रथम पुरुष कोण?

बडोद्यातल्या मराठी घरच्या आठवी-नववीतल्या मुलीचं दप्तर उघडून पाहावं. मराठी व्याकरणाप्रमाणे प्रथम पुरुष म्हणजे मी आणि आम्ही. त्याच दप्तरातल्या संस्कृतच्या वहीत प्रथम पुरुष म्हणजे तो, ते दोघे आणि ते सगळे. ‘मी’ तिथे उत्तम पुरुष होऊन शेवटच्या ओळीत बसलेला. हिंदीने उत्तम आणि मध्यम हे दोन संस्कृतातले ठेवले, ‘तो’ला मात्र अन्य पुरुष म्हटलं. गुजरातीत पहेलो पुरुष म्हणजे पुन्हा मी. एवढ्या गर्दीत इंग्रजीच्या तासाला प्रश्न येतो: ही कथा कोणत्या पर्सनमध्ये सांगितली आहे? मुलगी मनात भाषांतर करते. आधीचा तास संस्कृतचा झालेला असला, तर कथेत ‘ही’ आणि ‘शी’ दिसताच ती बेधडक फर्स्ट पर्सन लिहून मोकळी होते. तिचं इंग्रजी कच्चं नाही. नाव तिला पाठ आहे, ते कोणत्या घरचं हे बघायचं राहिलं.

इंग्रजीची परिभाषा मराठी विद्यार्थ्याला तशी परकी नसते. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, व्हॉइस म्हणजे प्रयोग, मूड म्हणजे अर्थ, अशी दोन रकान्यांची यादी गाइडच्या मागच्या पानांवर असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते. या यादीतला प्रत्येक कपडा खांद्याला बरोबर बसतो आणि बाहीला आखूड पडतो. गोंधळ नेमका त्या बाहीत होतो.

रकान्यांची हौस बडोद्याला जुनी आहे. १९३१ साली संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला. इंग्रजी प्रशासकीय शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेले. कचेरीच्या शब्दांना हे मानवतं, कारण तिजोरी कोणत्याही भाषेत तिजोरीच असते. व्याकरणातल्या संज्ञा मात्र त्या त्या भाषेच्या हाडांवर वाढलेल्या असतात. हाडं वेगळी, म्हणून मापं वेगळी.

सुरुवात सोप्या बाजूने करू. शब्दांच्या जाती मराठीत आठ आणि इंग्रजीतही आठ: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. हा आकडा योगायोगाने जुळलेला नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर होती. संस्कृतात यास्क या प्राचीन पंडिताने चारच जाती मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. इंग्रजीचे आठही तिचे स्वतःचे नाहीत. ग्रीकांच्या यादीत आठ होते, त्यात आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून तिथल्या पंडितांनी ते काढून इंटरजेक्शन घातलं आणि आठाचा आकडा राखला. इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ पुन्हा आले, पण यादीत त्यांना जागा उरली नव्हती. बिचारे विशेषणांच्या खोलीत पाहुणे म्हणून राहिले. हल्लीच्या पुस्तकांत त्यांना डिटर्मायनर अशी स्वतंत्र खोली मिळाली आहे आणि ‘माय’, ‘दिस’, ‘सम’ हेही तिकडेच राहायला गेले आहेत. जुनं पुस्तक ‘माय’ला पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह म्हणतं, नवं डिटर्मायनर. दोघांपैकी कुणीच चुकत नाही. आपल्या अभ्यासक्रमात कोणतं नाव चालतं ते बघून तेच शेवटपर्यंत धरावं.

शब्दाची जात शब्दाच्या कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यातल्या कामावरून ठरते, एवढं एक कळलं की निम्मं व्याकरण हलकं होतं. मराठीत ‘तो वर गेला’मधलं वर क्रियाविशेषण आणि ‘टेबलावर’मधलं वर शब्दयोगी. इंग्रजी ‘अप’चं तेच. ‘ही वेंट अप’ म्हटलं की ॲडव्हर्ब, ‘अप द हिल’ म्हटलं की पुढच्या नामाला धरून प्रेपोझिशन. शेवटी ‘ली’ दिसलं की ॲडव्हर्ब ही शाळेतली युक्ती तर पहिल्याच वळणावर फसते: ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ विशेषणं आहेत, आणि ‘ही रन्स फास्ट’मधल्या फास्टला ‘ली’ नसूनही ते क्रियाविशेषण आहे.

प्रेपोझिशन हे आपल्या शब्दयोगीचं आरशातलं रूप. आपलं नामाच्या मागे चिकटतं, त्यांचं पुढे सुटं उभं राहतं. जागेची चूक फारसं कुणी करत नाही, चूक होते ती वाटणीत. आपलं ‘पासून’ दोन कामं करतं: सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीने ती दोन माणसांना वाटून दिली आहेत. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजून सांगायचा काळ असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स टू इयर्स’ हे आपल्याकडचं प्रसिद्ध वाक्य ‘पासून’च्या पोटातून जन्मलं आहे. गुजरातीतलं ‘थी’ही दोन्ही कामं करतं, त्यामुळे बडोद्यात शेजारीही ही चूक दुरुस्त करत नाही, उलट दाद देतो.

आता प्रयोग. या सगळ्या यादीत सर्वांत जास्त मुलांना खड्ड्यात घालणारी ओळ असेल, तर ‘ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी’ ही.

‘सीमाने पोळी केली.’ मराठीच्या पेपरात हा कर्मणी प्रयोग, पैकीच्या पैकी गुण. आता इंग्रजी करा: ‘सीमा मेड अ रोटी.’ हा ॲक्टिव्ह व्हॉइस. म्हणजे आपलं कर्मणी त्यांच्याकडे जाऊन ॲक्टिव्ह झालं. यादीवर विसंबणारा मुलगा ‘कर्मणी आहे ना, मग पॅसिव्ह’ म्हणून ‘अ रोटी वॉज मेड बाय सीमा’ लिहितो. इंग्रजी म्हणून वाक्य ठीक. मूळ वाक्याचं भाषांतर म्हणून चूक.

याचं कारण असं की दोन्ही भाषा दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत. मराठीतला प्रयोग क्रियापद कुणाचं ऐकतं ते सांगतो. सीमाने पोळी केली, लाडू केला, श्रीखंड केलं. सीमा तीच, पण क्रियापद पोळीबरोबर स्त्रीलिंगी, लाडवाबरोबर पुल्लिंगी आणि श्रीखंडाबरोबर नपुंसकलिंगी होतं. ते कर्माचं ऐकतं, म्हणून कर्मणी. ‘सीमा पोळी करते’ म्हटलं की ते पुन्हा सीमाकडे वळतं, म्हणून कर्तरी. भूतकाळात सकर्मक क्रियापद असं कर्माकडे झुकतं. त्यातही शिकणे, पिणे, विसरणे अशी काही हट्टी मंडळी कर्त्यालाच धरून राहतात: ती धडा शिकली, तो दूध प्यायला. इंग्रजीतला व्हॉइस या भानगडीत पडतच नाही. तिथे प्रश्न एवढाच की वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर करणारा बसला आहे की ज्याच्यावर क्रिया झाली तो.

तिसरा भावे प्रयोग तर इंग्रजीला ठाऊकच नाही. ‘शिक्षकांनी मुलीला बोलावलं.’ क्रियापद शिक्षकांचं ऐकत नाही, मुलीचंही ऐकत नाही. आपलं नपुंसकलिंगी एकवचन धरून तटस्थ उभं राहतं. गुजरातीत अशाच वाक्यात क्रियापद मुलीचं ऐकतं: शिक्षके छोकरीने बोलावी. बडोद्याच्या रावपुऱ्यात वाढलेल्या मुलाच्या तोंडून ‘मुलीला बोलावली’ असं मराठी निघालं तर ते या शेजारधर्मातून आलेलं असू शकतं. इंग्रजीत तिन्ही वाक्यांना एकच साधा ॲक्टिव्ह पुरतो.

मग पॅसिव्ह ओळखायचा कसा? डोळ्यांनी. ‘बी’चं कोणतंही रूप आणि त्याच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप, हे दोन्ही सापडले तर पॅसिव्ह. एक असून दुसरं नसेल तर नाही. ‘इज मेकिंग’मध्ये बी आहे, तिसरं रूप नाही. ‘हॅज मेड’मध्ये तिसरं रूप आहे, बी नाही. ‘हॅज बीन मेड’मध्ये दोन्ही आहेत. पॅसिव्ह करताना क्रम असा: आधी कर्म उचलून पहिल्या खुर्चीवर बसवा, मग मूळ वाक्याचा काळ बघून त्याच काळातलं ‘बी’ घ्या, मग तिसरं रूप लावा, आणि करणारा सांगण्यासारखा असेल तरच ‘बाय’ जोडा. बहुतेकांचं दुसऱ्या पायरीवर चुकतं: ‘मेक्स’चं ‘वॉज मेड’ करून वर्तमानाचा भूत करतात. आणि कर्मच नसेल तर पहिल्या खुर्चीवर बसवायला कुणी नाही, म्हणून ‘हॅपन’, ‘डाय’, ‘अराइव्ह’ यांचा पॅसिव्ह होत नाही. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य ‘अपघात झाला’मधल्या झाला या शब्दाने लिहवून घेतलेलं असतं.

गंमत अशी की पॅसिव्हचं खरं काम, म्हणजे करणाऱ्याला पडद्याआड ठेवणं, मराठी दुसऱ्याच वाटेने करते. स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पोळ्या झाल्या!’ इंग्रजीला इथे ‘हॅव बीन मेड’ लागेल. आपण ‘पोळ्या केल्या गेल्या’ म्हणत नाही. म्हटलं तर सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटेल. पोरगं फरशीकडे बघत सांगतं, ‘दूध सांडलं.’ सांडणारा वाक्यात कुठेच नाही. पॅसिव्ह कशासाठी असतो हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही, आणि व्याकरणाप्रमाणे तो पॅसिव्ह नाहीच.

काळाबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकातले बारा टेन्स म्हणजे तीन काळ गुणिले चार अवस्था. काटेकोर बघितलं तर इंग्रजी क्रियापद स्वतःचं रूप बदलून दोनच काळ दाखवतं, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ‘विल’सारखा मदतनीस लागतो. मराठी विद्यार्थी अडतो तो प्रेझेंट परफेक्टला. ‘मी काल पैसे भरले आहेत’ हे आपल्याकडे अगदी सरळ वाक्य, पण ‘आय हॅव पेड यस्टर्डे’ इंग्रजीला चालत नाही. त्यांचा ‘हॅव’ आजच्या दारात उभा असतो. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’ असा संपलेला काळ आला की त्याला बाजूला व्हावं लागतं. वाक्यात संपलेल्या काळाचा शब्द आहे का, एवढंच शोधायचं. असला तर साधा भूतकाळ.

मूड हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. व्याकरणात मूड म्हणजे आपला क्रियापदाचा अर्थ: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मराठीत ‘अर्थ’ म्हणजे मतलबही, म्हणून ‘या वाक्याचा अर्थ सांगा’ असं विचारलं की निम्मा वर्ग भावार्थ लिहितो. कवितेच्या प्रश्नात मूड आला तर तो वाचणाऱ्याच्या मनावर पसरलेल्या वातावरणाबद्दल आहे. त्याचा जोडीदार टोन, म्हणजे बोलणाऱ्याचा सूर. दोन्ही वेगळे असू शकतात: बोलणारा खेळकर सुरात सांगतोय आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतोय. तेव्हा टोन खेळकर लिहायचा आणि मूड भीतीचा.

फ्रेज आणि क्लॉज यांत लांबी मोजू नये. ‘ऑन द फार साइड ऑफ द ओल्ड लेक निअर द मार्केट’ एवढी लांबलचक फ्रेजच आहे, आणि ‘शी लेफ्ट’ दोनच शब्दांत क्लॉज. काळ दाखवणारं क्रियापद आणि त्याचा कर्ता असले की क्लॉज. आपलं ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ हे जो-तोचं जोडपं इंग्रजीत नेताना मात्र ‘तो’ला घरी ठेवावं लागतं, नाहीतर ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ तयार होतं.

अलंकारांकडे वळलं की मराठी विद्यार्थी खरं तर श्रीमंत असतो. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साधर्म्य दाखवणारा शब्द, असे उपमेचे चार अवयव तो शाळेतच शिकतो. इंग्रजीत मेटाफरच्या दोन अंगांना टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली रूढ केली. तोवर अलंकारांवर लिहिणाऱ्या भामह आणि दंडी या संस्कृत पंडितांना हजाराहून अधिक वर्षं उलटून गेली होती. ही श्रीमंती वापरायची कशी ते सांगतो. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली असं वर्गात शिकवतात. ‘शी सिंग्ज लाइक हर मदर’ यात लाइक आहे, सिमिली नाही; गाणाऱ्या बाईची तुलना गाणाऱ्या बाईशी झाली, ती साधी तुलना. उपमान वेगळ्या जातीचं हवं. ‘शी सिंग्ज लाइक अ केटल कमिंग टु बॉइल’ म्हटलं की बाई आणि किटली समोरासमोर आल्या, आणि मग तिसरा अवयव शोधायचा: साम्य कशात? हळूहळू वर चढत जाणाऱ्या आवाजात. परीक्षेतलं उत्तर त्या तिसऱ्या अवयवातच असतं. नुसतं ‘हा सिमिली आहे’ लिहिणं म्हणजे पाकिटावर पत्ता लिहून आत पत्र न घालणं. अलंकाराचं नाव, ओळीतले नेमके शब्द, कशाची कशाशी तुलना आणि तिथे त्याने काय साधलं, हे चारही यावेत. चार ओळींत बसतात.

बाही आखूड पडते ती अशी. आपण ‘सारखा’ आला की उपमा आणि ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा असे दोन अलंकार मानतो. इंग्रजी दोघांनाही सिमिलीच्या पोत्यात टाकते. उलट मेटाफर आपल्या रूपकापेक्षा पसरट. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असावे लागतात. इंग्रजीत एखादं क्रियापदसुद्धा गुपचूप मेटाफर असतं: ‘द मिनिस्टर बार्क्ड ॲट द क्लार्क.’ कुत्रा कुठेही लिहिलेला नाही, तरी भुंकणं आहे. ‘इथे रूपक नाही’ म्हणून मराठी विद्यार्थी ही ओळ सोडून देतो आणि गुण जातात.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी ही नावं ऐकूनच अनेकांना घाम फुटतो. (दुसरं नाव लिहिलेलं दिसतं तसं वाचू नये; सिनेकडकी असंच म्हणतात, आणि अतिशयोक्तीचं हायपर्बली, हायपरबोल नव्हे.) वस्तू मात्र रोजच्या आहेत. बडोद्यातल्या मांडवीकडून परतलेला पाहुणा सांगतो, ‘सेव उसळीच्या दोन प्लेट खाल्ल्या.’ प्लेट कुणी खात नाही. भांड्याच्या नावाने आतला पदार्थ. ‘दिल्लीने ठरवलं’ म्हणजे दिल्लीतल्या सरकारने. ही मेटॉनिमी, शेजारच्या वस्तूचं नाव उसनं घेणं. ‘घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारे हात दोन’ यात तोंड आणि हात माणसाचेच भाग आहेत, म्हणून ती सिनेकडकी, भागावरून अख्ख्याची ओळख. आपण अलंकारांच्या धड्यात यांना शोधतो आणि सापडत नाहीत, कारण आपल्याकडे ती शब्दशक्तीच्या धड्यात, लक्षणेच्या घरात राहतात. ‘बाबा ताटावर बसलेत’ हे लक्षणेचं नेहमीचं उदाहरण आठवलं की काम झालं. चुकीचा धडा उघडल्यामुळे अवघड वाटणाऱ्या अशा बऱ्याच गोष्टी आहेत.

आयरनीची मात्र सध्या उधळपट्टी चालली आहे. दोघी एकाच रंगाची साडी नेसून आल्या, ‘हाउ आयरॉनिक!’ तो योगायोग. आयरनीला दोन पातळ्या लागतात आणि त्यांच्यात उलटा संबंध लागतो. तासभर उशिरा आलेल्याला ‘काय पण वेळेवर आलात!’ म्हणणं ही व्हर्बल आयरनी. शब्द एकीकडे, मतलब दुसरीकडे. अग्निशमन केंद्रालाच आग लागणं ही सिच्युएशनल. कपाटामागे कोण लपलंय हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, रंगमंचावरच्या काकांना नाही, आणि काका म्हणताहेत ‘घरात आपण दोघंच आहोत’, ही ड्रॅमॅटिक. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला नाही, असे दोघे दाखवता आले तरच ड्रॅमॅटिक हा शब्द लिहावा.

ॲपॉस्ट्रफी ही दोन संसार करणारी आणखी एक संज्ञा. व्याकरणात ते अक्षराच्या डोक्यावरचं शेपटीवालं चिन्ह, कवितेत समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला मारलेली हाक. प्रश्न कवितेवर असेल तर ती चिन्हं मोजत बसू नये.

आवाजाच्या अलंकारांत एक फायदा मराठी विद्यार्थ्याच्या हातात आयता आहे, तो क्वचितच वापरला जातो. ओळ देवनागरीत लिहून काढा. ॲलिटरेशन म्हणजे जवळच्या शब्दांच्या आरंभी तोच व्यंजनध्वनी; ध्वनी, अक्षर नव्हे. ‘सिटी’ आणि ‘कार’ रोमन लिपीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण देवनागरीत स आणि क लगेच वेगळे पडतात. ‘फोन’ आणि ‘फिश’, ‘नाइफ’ आणि ‘नोज’ रोमनमध्ये अनोळखी, देवनागरीत सख्खे भाऊ. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ कागदावर यमक वाटतं, देवनागरीत लिहिलं की सोंग उघडं पडतं. याला इंग्रजीत आय राइम म्हणतात, नुसतं डोळ्यांचं यमक. मर्यादा एवढीच की ‘झू’सारख्या शब्दातला घोषध्वनी आपल्या झने नीट धरता येत नाही. आपला अनुप्रास शब्दाच्या पोटातही चालतो, त्यांच्या ॲलिटरेशनला आरंभच लागतो. पोटातल्या व्यंजनांना कॉन्सोनन्स आणि स्वरांना ॲसनन्स अशी निराळी नावं आहेत.

यमकाचा नियम त्यांचा कडक आहे. शेवटचा आघात ज्या स्वरावर, तिथपासून शेवटपर्यंत सगळं जुळलं पाहिजे. ‘स्टेशन’ आणि ‘नेशन’ जुळतात. ‘रनिंग’ आणि ‘सिंगिंग’ यांचं फक्त शेपूट जुळतं, म्हणून ते यमक नाही; ‘जातो-येतो’वर वाढलेल्या कानाला ते पटायला वेळ लागतो.

आणि मग वृत्त. इथे थांबून बघायला हवं, कारण बडोद्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात, आज जिथे विद्यापीठाची कला शाखा आहे त्या घुमटाखाली, श्री अरविंद इंग्रजी शिकवत. १८९३ साली ते संस्थानाच्या सेवेत आले. पुढे पाँडिचेरीत त्यांनी इंग्रजी पद्यात आघाताबरोबर स्वराच्या लांबीलाही मान मिळावा म्हणून लेखन केलं, त्या मापात दीर्घ काव्यही रचलं. माधव जूलियन १८९४ साली जन्मले तेही बडोद्यात. इंग्रजी आणि फारसी दोन्ही शिकलेल्या या कवीने मराठीत गझल रुजवली आणि ‘छंदोरचना’ लिहून आपल्या वृत्तांचा हिशेब मांडला. लांबीने मोजायचं की आघाताने, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

लघु-गुरू जाणणाऱ्याला इंग्रजीचे पाय, म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारे दोन-तीन अक्षरांचे गट, ओळखीचे वाटतात. आयँब म्हणजे लघु-गुरू, ट्रोकी म्हणजे गुरू-लघु. तीन अक्षरी पायांसाठी गण लक्षात ठेवायचं ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र म्हणून पाहा: ‘भानस’ गुरू-लघु-लघु, तो डॅक्टिल, ‘सलगं’ लघु-लघु-गुरू, तो ॲनापेस्ट. नावं ग्रीकांची, आणि ग्रीक आपल्यासारखीच लांबी मोजत. इंग्रजीने नावं घेतली आणि मोजायला आघात वापरला. त्यामुळे गुरूच्या जागी ‘जोर दिलेलं’ आणि लघूच्या जागी ‘दबलेलं’ असं वाचायचं. संयुक्ताक्षरामागचं अक्षर गुरू हा आपला नियम तिकडे लागत नाही.

दुसरी अडचण अक्षर मोजण्याची. सिलॅबल म्हणजे एका स्वराच्या धक्क्यात निघणारा तुकडा. ‘स्ट्रेंग्थ्स’मध्ये रोमन अक्षरं नऊ, सिलॅबल एक. आपणही लिहितो ‘कमळ’ अशी तीन अक्षरं आणि बोलतो दोन तुकडे. छंदात मात्र लिहिलेली तीन मोजतो. ६, ६, ६, ४ असा बावीस अक्षरांचा मोठा अभंग बोटांवर मोजणाऱ्याची बोटं इंग्रजीतही लिहिलेलं मोजायला लागतात. तिकडे कानाने मोजायचं. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणावा. हनुवटी जितक्यांदा खाली येते तितके सिलॅबल, बहुतेक वेळा हिशेब जुळतो.

आता ओळ घ्या: ‘द मॉर्निंग ट्रेन अराइव्ह्‌ज ॲट हाफ पास्ट टेन.’ तुकडे मोजले तर दहा. यांतले जोरकस कोणते? शब्दांच्या जाती इथे पुन्हा कामाला येतात. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण हे सहसा जोराने उच्चारले जातात. आर्टिकल, प्रेपोझिशन, मदतनीस क्रियापद आणि सर्वनाम दबतात. एकाहून अधिक सिलॅबलच्या शब्दात जोर कुठे हे शब्दकोशात बघावं, जोराच्या तुकड्याआधी वर एक छोटी उभी रेघ असते. अंदाजाने लिहू नये, कारण जोर सरकतो: फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, फटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर. आपल्या ओळीत जोर पडतो मॉर्न, ट्रेन, राइव्ह्‌ज, हाफ आणि टेन यांवर. मधले द, इंग, अ, ॲट, पास्ट दबलेले. दबका-जोरकस, दबका-जोरकस असे पाच जोड. पाच आयँब, म्हणून आयँबिक पेंटामीटर. असल्या चौदा ओळी ठरलेल्या यमकांत बांधल्या की सॉनेट. केशवसुतांनी त्याला चतुर्दशक म्हटलं, पुढे सुनीत हे नाव रुळलं.

विद्यार्थी इथपर्यंत नीट येतात आणि मग एक चूक करतात: साचा सापडला की प्रत्येक ओळ त्यात ठोकून बसवतात. दुसरी ओळ बघा: ‘लेट इज द ट्रेन अँड लाँग द क्यू फॉर टी.’ तुकडे दहाच. पण साच्याप्रमाणे म्हणायचं तर ‘लेट’ दाबून ‘इज’वर जोर द्यावा लागेल, आणि तसं फलाटावरचा कुणीही माणूस म्हणणार नाही. जोर ‘लेट’वरच येतो. पहिला पाय उलटा पडला, आयँबच्या जागी ट्रोकी आला. पुढचे चार पुन्हा सरळ. उत्तरात हेच लिहायचं असतं: कोणता पाय उलटला, कोणत्या शब्दावर, आणि त्याने काय झालं. इथे त्याने गाडीच्या आधी उशीर आणून उभा केला.